चार काय?

कानावरचा खडू काढायचा, समोरच्याच्या नाकापुढे धरायचा आणि विचारायचं, "चार काय?"

आमच्या गावच्या मिस्त्रींची ही सवय होती. एखादा गाडीवाला घाईघाईनं यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, गाडीचा कणा चार कमी पडून राहिला." लगेच खडू पुढे. "चार काय? बोटं, वीत, का हात?" गाडीवाला ओशाळायचा. "बोटं हो, बोटं." मग खडू पुन्हा कानावर जायचा आणि काम सुरू व्हायचं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्यापुढे अर्धवट बोलायची सोय नसते.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून दोनदा चुकलं. पहिल्यांदा माझी परीक्षा गेली. दुसऱ्यांदा काय गेलं, ते सांगायला हे लिहितो आहे. नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केलेली नाही, अंगठेच उठवलेले आहेत. त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून तीन कोसांवर. गावात शिरलं की डाव्या हाताला मिस्त्रींचं दुकान. दुकान म्हणजे चार खांबांवर पत्रे आणि पुढे काळं पडलेलं मोठं अंगण. त्या अंगणात शेणकुटं रचून धाव तापवायची. धाव म्हणजे गाडीच्या चाकावर बसवतात ती लोखंडी पट्टी. ती लालबुंद झाली की दोघं-तिघं सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आवळायचं, लाकूड कुरकुरायचं, वाफेत माणसं दिसेनाशी व्हायची. वाफेतून मिस्त्रींचा आवाज यायचा, "बसली! आता मारू दे मिठी."

त्यांचं घराणं मुसलमान. सात पिढ्या याच गावात चाकं करून राहिले, असं ते सांगायचे. लाकूड आणि लोखंड दोन्ही एकाच घरात. गावासाठी ते मिस्त्री, आम्हा पोरांसाठी चाचा. घरात चाचींशी दख्खनी बोलायचे, बाहेर आमच्यासारखंच बोलायचे. उंच, हाडकुळे, एक खांदा उतरता. गळ्यात नेहमी मेण लावलेली एक दोरी. तिला एका टोकाला फास आणि दुसऱ्या टोकाला गाठ. फास चाकाच्या मध्यावरच्या खुंटीत अडकवायचा. गाठ जिथे पोचेल तिथे चाकाची कड. तेवढंच त्यांचं माप. मोजपट्टी त्यांच्या दुकानात मी कधी पाहिली नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. धाव जोडताना सांध्यावर ते छिन्नीनं एक आडवी खाच मारायचे. पुढे कधी सांधा सुटला तर शोधायला सोपं जावं म्हणून. पण त्या खाचेमुळे ओल्या जमिनीवर चाकोरीत दर फेऱ्याला एक बारीक आडवी रेघ उमटायची. मिस्त्रींचं चाक गेलं की रस्त्याला कळायचं.

त्यावरून एकाची फजिती झाली होती. आमच्या गल्लीतला एक शेतकरी, कापूस घेऊन हिंगोलीला जातो म्हणून निघाला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको शेताकडे जात होती, तर खाचेची रेघ हिंगोलीच्या वाटेला न जाता जवळा बाजारच्या वाटेला वळलेली. तिथे तमाशाचा फड आलेला होता. तो परतला तेव्हा ती दारात मुसळ घेऊन बसली होती. तो तडक मिस्त्रींकडे गेला. "ती खाच घासून टाका मिस्त्री!" मिस्त्री म्हणाले, "चाकाला लबाडी शिकवता येत न्हाई बाबा. तूच सरळ जात जा."

आमच्या भागात एक पद्धत आहे, ती इथेच सांगून ठेवतो. आम्ही पाहुणे गाड्यांत मोजतो. वऱ्हाड किती, तर आठ. जत्रेला किती गेले, तर बारा. गाड्या, हे कुणी बोलत नाही, ते धरलेलंच असतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नवऱ्या मुलाकडचा माणूस निरोप घेऊन आला, "वऱ्हाड पाच येऊन राहिलं." मिस्त्री तिथेच मांडवाचा खांब ठोकत होते. त्यांनी खडू काढला. "पाच काय?"

सगळा मांडव हसला. "गाड्या, मिस्त्री! दुसरं काय असणार?"

"हसा," ते म्हणाले. "येक दिवस पाचच मानसं येतील आन तुमी पाच गाड्यांचं रांधून बसाल."

मी त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो. ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

हिंगोलीच्या शाळेत मी पास होत गेलो आणि बानं एक बैल कमी ठेवून मला हैदराबादेत कॉलेजात घातलं. तिथे सगळं उर्दूतून. गणितसुद्धा. ज्याला मराठी पुस्तकात 'ज्या' आणि इंग्रजीत साईन म्हणतात, त्याला तिथे जैब म्हणत. अंशाला दर्जा, त्रिज्येला नीम कुतर. मी शब्द पाठ केले. अर्थ मागून येईल असं वाटत होतं.

वर्षअखेरच्या पेपरात प्रश्न आला: जैब एक, जैब दोन, असं करत जैब सहापर्यंत, प्रत्येकाची अलामत लिहा. अलामत म्हणजे चिन्ह, अधिक की वजा. कोन जसा वाढतो तसा वर्तुळावरचा बिंदू फिरतो. तो मधल्या आडव्या रेषेच्या वर असला तर जैब अधिक, खाली असला तर वजा. एवढं मला येत होतं. मी विचार केला, एक ते सहा, किती लहान आकडे! तीनशे साठातले सहा म्हणजे सुरुवातच की. बिंदू अजून जमिनीवरून उठलासुद्धा नाही. सगळीकडे अधिक लिहिलं. पुढचे तीन प्रश्न याच पायावर उभे होते. तेही पडले.

उत्तरपत्रिका दाखवली तेव्हा त्या प्रश्नावर लाल शाईनं एकच शब्द होता: "इकाई?" माप कोणतं? दर्ज्याचा जो बारीक गोल आकड्याच्या डोक्यावर असतो, तो पेपरात नव्हताच. ते आकडे दर्ज्यांत नव्हते, नीम कुतराच्या, म्हणजे त्रिज्येच्या मापात होते. मास्तर म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बसता येईल. नाही तर नाव कमी होईल.

उन्हाळ्यात गावी आलो. बाला फक्त एवढंच सांगितलं, की पुन्हा बसायचं आहे. बा म्हणाला, "बस की. खाटंवर बस न्हाई तर बाजंवर बस, पन पास हो." त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. मायनं त्याच्याकडे डोळे वटारले. मी उठून मिस्त्रींच्या अंगणात जाऊन बसलो.

"काहून रे लेकरा, तोंड पाडून बसला?"

"चाचा, परीक्षेत चाराचं चिन्ह विचारलं होतं. मी चुकवलं."

खडू निघाला. "चार काय?"

मला रडू की हसू, कळेना. "तेच तर लिहिलं नव्हतं."

"लिव्हलं न्हाई मंग इचारायचं."

"परीक्षेत विचारता येत नाही चाचा."

"मंग तुमच्या परीक्षेपेक्षा आमचा गाडीवाला बरा. इचारलं तर सांगते तरी." त्यांनी चिलीम बाजूला ठेवली. "बरं, आता कळलं का काय होतं ते?"

मी जमिनीवर काडीनं वर्तुळ काढलं. "ही मधून कडेपर्यंतची लांबी. हीच लांबी वाकवून कडेवर टाकायची. एकदा टाकली की एक. चारदा टाकली की चार."

त्यांनी मग गळ्यातली दोरी काढून माझ्या मांडीवर टाकली.

"हे शिकायला हैदराबादला गेला व्हय?"

एक तयार चाक खुंटीवर उभं अडकवलेलं होतं. त्यांनी मला उठवलं. चाकाच्या उजव्या अंगाला, मध्याच्या बरोबरीनं, त्यांनी खडूची पहिली रेघ मारली. "हितून वर चढव. येकेक दोरी टाक, आन दर दोरीला रेघ मार."

मी आधी दोरी हातात ताणून काठीसारखी सरळ धरली आणि कडेवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी टेकवत गेलो. सहा वेळा टेकवली आणि बरोबर पहिल्या रेघेवर आलो. "सहात पुरं झालं चाचा!"

"काठी वावरातून आडवी जाते, लेकरा. दोरी रस्त्यानं जाते. गाडीला रस्त्यानं जायचं असते. रस्त्यानं मोज."

मग मी दोरी कडेला चिकटवून नेली. पहिली दोरी वर चढली. दुसरी माथा ओलांडून डावीकडे जरा उतरली. तिसरी डाव्या अंगाला, मध्याच्या वर, अगदी थोडी. त्यांनी तिथे आपली बोटं ठेवली. पाच बोटं आणि जराशी जागा, की आलाच मध्य. "तीन दोऱ्या आन अर्धी वीत, म्हंजे अर्धं चाक. आता चौथी टाक."

चौथी दोरी मध्याच्या खाली गेली. चांगली खाली.

"वर का खाली?"

"खाली."

"तुझ्या भाषेत?"

"वजा."

पाचवी अगदी तळाशी, वजा. सहावी उजवीकडे पहिल्या रेघेच्या खाली येऊन थांबली. वर चढून मध्याला पोचायला थोडीशी जागा राहिली. मिस्त्रींनी तिथे पंजा पसरला. अंगठा सहाव्या रेघेवर, करंगळी पहिल्या रेघेवर.

"सहा दोऱ्या आन येक वीत. माझ्या बापानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. ही वीत इसरला तं धाव कमी पडते. सातवी दोरी टाकली की पुन्हा वर."

"पण चाचा, लहान चाक असलं तर? वीत तर तेवढीच राहणार."

त्यांना माझा प्रश्न फार आवडला. "ल्हान चाकाला ल्हान लेकराची वीत!" म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

त्या दुपारी मला जे कळलं ते मी कसं सांगू? दर्जे कुणी तरी ठरवलेले आहेत. चाकाला ते ठाऊक नाहीत. पण दोरी चाकाच्या पोटातूनच निघते. चाक स्वतःच स्वतःला मोजतं. एवढं मोठं मी त्यांना म्हणून दाखवलं, तर ते म्हणाले, "ते बराबर हाय. पन आधी इचारत जा. आकडा नुसता असला तर तो उघडा असते. त्याला कापड घालावं."

सहा महिन्यांनी मी पुन्हा बसलो आणि पास झालो. बाळापूरच्या बाजारातून खडूंची एक पेटी घेऊन त्यांना दिली. त्यांनी एक खडू कानावर ठेवला आणि बाकीची पेटी चाचींनी पेटाऱ्यात कुलूप लावून ठेवली.

पुढचं वर्ष वाईट गेलं. त्याबद्दल तुम्हाला मी सांगायला नको. कॉलेज बंद पडलं, मी घरी आलो. घोड्यांवरून बंदूकवाले गावोगाव फिरत होते. हैदराबादेहून परतलेल्या विद्यार्थ्यांवर त्यांचा डोळा होता. एका सकाळी ते आमच्या गल्लीकडे वळले, मला शोधत. गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींनी तापलेली धाव आडवी टाकून ठेवलेली होती. लाल.

"हटाओ ये!"

"लाल है साब. घोडे का पाँव जलता. ठंडी होने को देर है."

"कितनी देर?"

"चार."

"चार क्या?"

ज्या माणसानं जन्मभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला, त्यानं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. नुसते खाली बघत हातोडी चालवत राहिले. ते लोक त्यांना आपला माणूस समजत होते, म्हणून थोडा वेळ थांबले. तेवढ्यात मी मागच्या दारानं ज्वारीत शिरलो होतो. संध्याकाळी मी त्यांचे पाय धरायला गेलो तर म्हणाले, "धाव वाया गेली. ती भरून दे." आणि डोळा मारला.

मग भादव्यात फौज आली. बंदूकवाले पळाले. चार-दोन दिवस वाटलं, सुटलो. आणि मग उलटं सुरू झालं. बाहेरगावची माणसं जमाव करून गावोगाव जाऊ लागली. कुणाचा राग कुणावर निघत होता. ज्यांनी कधी घोडा पाहिला नाही, त्यांच्या घरांवर निघत होता. चाची आधीच हिंगोलीला त्यांच्या भावाकडे गेल्या होत्या. तिथे फौजेचा तळ होता, भीती कमी होती. मिस्त्री राहिले, कारण एका शेतकऱ्याची धाव बसवायची होती. बा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला आणि आमच्या गोठ्यात, कडब्याच्या मागे बसवलं.

तिथे ते तीन दिवस होते. जेवण मी नेऊन द्यायचो. बसल्या बसल्या दोरीला मेण लावायचे. त्यांना सगळ्यात जास्त शरम वाटायची. "या गावात येक चाक असं दाखव ज्याला माझा हात न्हाई. आन मी कडब्यामागं." हे ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. बानं बजावलं होतं, मी सांगेपर्यंत हलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बा शेतात गेला होता. गल्लीत कसलीशी गडबड ऐकू आली. मिस्त्री म्हणाले, "जा, बघून ये."

विहिरीपाशी आमच्याच गावचा एक जण घाईनं घागर उचलून घराकडे निघाला होता. मी विचारलं, "काय झालं?"

"बाहेरचे आले म्हनत्यात. वढ्यापाशी."

"किती?"

"चार," तो म्हणाला आणि गेला.

मी परत आलो. गोठ्याच्या दारातून सांगितलं, "चाचा, ओढ्यापाशी बाहेरचे आलेत. चार."

कडब्यामागून त्यांनी विचारलं. खडू हातात नव्हता, पण कडब्याच्या फटीतून त्यांचा हात कानाकडे गेलेला मी पाहिला.

"चार काय?"

मी म्हणालो, "माणसं."

मी विचारलं नव्हतं. आमच्या गावात येणारे कशात मोजतात, ते मला जन्मापासून ठाऊक होतं. पण हैदराबादेत वसतिगृहात जेवणाची पानं डोक्यांवर मांडतात, माणसं डोक्यांवर मोजतात. तिथे राहून मी तसाच झालो होतो. आकडा लहान दिसला, लहान माप धरलं. पेपरातही मी हेच केलं होतं.

ते उठले. धोतरावरचा कडबा झटकला. "चार मानसं म्हंजे काय रे. चौघांशी बोलता येते. त्यांच्यातल्या कुनाच्या तरी गाडीचं चाक माझंच असन." मी म्हणालो, "बाला येऊ द्या चाचा." ते म्हणाले, "बा येऊस्तोवर ते दुकान फोडतील. मी दुकानात असलो तं न्हाई फोडायचे." गळ्यातली दोरी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "धर. हाच जिन्नस राहू दे तुझ्यापाशी. आलोच."

मी दोरी धरून उभा राहिलो. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ओढ्याच्या खडकावर लोखंडी धावा वाजू लागल्या. एक गाडी. दुसरी. मी मोजत होतो. तिसरी. चौथी. प्रत्येक गाडीत जू मोडेल इतकी माणसं.

मी पळालो. गल्लीच्या तोंडाशी बा शेतातून धावत येत होता. त्यानं मला कमरेत धरून घरात ओढलं आणि कडी लावली. मी ओरडत होतो, ते बानं माझ्या तोंडावर हात ठेवून दाबलं. त्याबद्दल मी बाला दोष देत नाही. त्याला मी एकच मुलगा.

जमाव गेल्यावर आम्ही दुकानाकडे गेलो. दुकान फुटलेलं नव्हतं. सांडशा जागच्या जागी होत्या. शेणकुटं रचलेली होती, पेटवलेली नव्हती. मिस्त्री नव्हते. कुणी म्हणालं, त्यांना गाडीत घेऊन गेले. कुणी म्हणालं, ओढ्यानं पळताना पाहिलं. बा आणि मी ओढ्याच्या दोन्ही काठांनी दोन कोस गेलो. काही सापडलं नाही. आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच ओढ्यापलीकडे गेलो. काळ्या ओल्या मातीत चाकोऱ्या खोल रुतल्या होत्या. वळणावर गाड्या अलग झाल्या होत्या, त्यामुळे चारही मोजता आल्या. तीन गाड्यांच्या चाकोरीत बारीक आडवी रेघ होती. मग थोडं पुढे पुन्हा रेघ. मग पुन्हा.

मी चिखलात बसलो आणि एका रेघेवर दोरीचा फास ठेवला. एक. दोन. तीन. चार टाकल्यावर थांबलो. माझ्यानं पुढे जाववेना. मग टाकल्या. सहा झाल्या. पुढच्या रेघेपर्यंत थोडी जागा उरली. तिथे मी माझा पंजा पसरला. बरोबर बसला.

पंधरा दिवसांनी हिंगोलीला गेलो. चाचींच्या भावाचं घर शोधलं. चाची ज्वारी पाखडत होत्या. त्यांना मी दिसलो, पण त्या माझ्या मागे बघत होत्या. मी सांगितलं. जेवढं सांगवलं तेवढं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कित्ते थे उनो?"

माझ्या तोंडातून निघालं, "चार."

मी वाट पाहिली. खरंच सांगतो, मी वाट पाहिली. त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. पण तो प्रश्न विचारायची सवय घरात एकाच माणसाला होती.

"चार लोगां?" त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "फिर क्या है बेटा. चार लोगां से तो उनो बात कर लेते. किदर तो बी रुके हुंगे. आ जाते."

मी दोरी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, गाठ चाचपून पाहिली, मेण नखानं खरवडून पाहिलं. "आए तो पैले येईच माँगते," म्हणाल्या. दाराशेजारी एक खुंटी होती, त्यांच्या हाताला सहज येईल अशी. तिच्यावर त्यांनी दोरी टांगली नाही. वर आणखी एक होती. चाची ठेंगण्या आहेत. त्यांनी गावाहून आणलेला पेटारा ओढला, त्यावर चढल्या आणि उंच माणसाच्या हाताला येईल अशा त्या वरच्या खुंटीला दोरी अडकवली.

पेटाऱ्यात खडू खडखडले.